दुहेरीच्या खेळाडूचे चरित्र कोण लिहिणार?

(द्वितीय वर्ष, कला)

बॅडमिंटनमधल्या तीन मोठ्या खेळाडूंची नावे सांगा, असा प्रश्न मी मध्यंतरी आमच्या वर्गातल्या अकरा जणांना विचारला. प्रकाश पदुकोण, सायना नेहवाल, सिंधू ही नावे भराभर आली. कोणी गोपीचंद म्हटले, कोणी लक्ष्य सेन. दुहेरीचा खेळाडू सगळ्यांत मिळून एकदाच आला, तोही ‘तो आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी आणि त्याचा तो जोडीदार’ असा. जोडीदाराचे नाव सांगणाऱ्याला आठवेना. सात्विकसाईराज रंकीरेड्डी हे नाव लांबलचक आहे हे मान्य. पण कठीण नावे आपण एरवी पाठ करतोच की. परीक्षेला रशियन कादंबरीकारांची नावे आम्ही न चुकता लिहितो.

मला वाटते, ह्या उत्तरात आपली एक जुनी सवय दडलेली आहे. यश म्हटले की ते एकट्याचे, असे आपण धरूनच चालतो. चषक उचलणारा हात एक, छायाचित्रातला चेहरा एक, आणि सत्काराचा नारळही एकच. ज्याचे यश दुसऱ्या कोणाशिवाय उभेच राहू शकत नाही, अशा माणसाची कारकीर्द मोजायची कशी, हे आपल्याला कोणी शिवकलेलेच नाही. म्हणून हा लेख मी एका फ्रेंच दुहेरी खेळाडूविषयी लिहीत आहे. ‘मराठी वाङ्मय घेतलेल्या मुलीला फ्रान्सचा बॅडमिंटनपटू कशाला हवा?’ असे आमचे एक सर हसत म्हणाले. लेख वाचून झाल्यावर त्यांनी हा प्रश्न पुन्हा विचारावा, माझी हरकत नाही.

फ्रान्सकडे माझे लक्ष गेले ते चिरागमुळेच. २७ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये सात्विक-चिराग यांचा पहिला सामना होता. वसतिगृहाच्या खोलीत एका मोबाइलभोवती आम्ही नऊ मुली दाटीवाटीने बसलो होतो. आपली जोडी २१-१७, २१-१४ अशी जिंकली. जाळीच्या पलीकडे यजमान देशाची जोडी होती : लुका कॉर्वे आणि रोनां लाबार. कॉर्वे आधी एकेरी खेळत असे. लाबार पस्तीस वर्षांचा होता. सगळे प्रेक्षागृह त्यांच्या नावाने ओरडत होते, आणि आमच्या खोलीत त्यांची नावे कोणालाही उच्चारता येत नव्हती. त्याच गटात जर्मनीची जोडी दुखापतीने बाहेर पडली, आणि पुढे हे दोघे फ्रेंच इंडोनेशियाच्या जोडीकडूनही हरले. त्या पराभवामुळेच आपली जोडी उपांत्यपूर्व फेरीत गेली हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वाचले. हरलेल्यांची नावे कोणी वाचली असतील असे वाटत नाही. पस्तिसाव्या वर्षी आपल्याच देशातल्या ऑलिंपिकमध्ये उतरणारा हा मनुष्य इतकी वर्षे काय करत होता, ह्या कुतूहलाने मी फ्रान्सच्या दुहेरीची माहिती शोधू लागले, आणि तीत मला तोम झिकेल सापडला.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी फ्रान्सविषयी थोडे सांगितले पाहिजे. ह्या खेळाचे एक जुने नाव ‘पूना’ आहे, कारण इंग्रज अधिकारी तो आपल्या पुण्याच्या छावणीत खेळत, हे आपण अभिमानाने सांगतो. (पुण्याने तो खेळ पुढे किती सांभाळला हा वेगळा विषय.) १९३४ साली आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या नऊ संस्थापक देशांत फ्रान्स होता. तरीही त्या देशात हा खेळ मोठा झाला नाही. युरोपात बॅडमिंटन म्हणजे डेन्मार्क, असेच समीकरण राहिले. फ्रान्सला जागतिक स्पर्धेत पदक मिळाले ते २००९ साली, पी होंगयान हिच्या रूपाने. ती मूळची चीनची, आणि पदक एकेरीचे. २०१७ साली ब्रिस लेव्हेर्देझ याने जागतिक स्पर्धेत मलेशियाच्या ली चाँग वेईला हरवले तेव्हा मोठी खळबळ उडाली, तोही एकेरीचाच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला फ्रान्सने बॅडमिंटनसाठी दोनच खेळाडू पाठवले, आणि दोघेही एकेरीचे. म्हणजे एकट्याचा गौरव करण्याची सवय आपलीच आहे असे नाही.

अशा देशात १९९९ साली जन्मलेल्या तोम झिकेलने दुहेरी पत्करली. २०१७ मध्ये म्युलूझ येथे युरोपीय कुमार स्पर्धेत त्याने मुलांच्या दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. त्याचा जोडीदार होता तोमा ज्युनिअर पोपोव्ह. पोपोव्ह त्याच स्पर्धेत एकेरीतही विजेता ठरला, आणि साहजिकच पुढे लेख त्याच्यावर आले. पोपोव्ह मंडळी मूळची बल्गेरियाची. वडील स्वतः खेळाडू आणि प्रशिक्षक, धाकटा भाऊ क्रिस्तो हाही खेळाडू. तोमा पुढे आपल्या भावाबरोबर दुहेरी खेळू लागला. घरातच जोडीदार असेल तर बाहेर कोण बघणार? झिकेल मात्र मिश्र दुहेरीकडे वळला. त्याच्याबरोबर देल्फीन देल्रू ही मुलगी होती, त्याच्याहून जेमतेम दोन महिन्यांनी मोठी.

ह्या दोघांनी २०२१ साली बासेल येथे स्विस ओपन जिंकली. त्याच वर्षी झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दोघे गटातच बाद झाले. २०२२ साली माद्रिदच्या युरोपीय स्पर्धेत ते अंतिम फेरीपर्यंत गेले आणि जर्मनीच्या जोडीकडून हरले. मग आले पॅरिस. घरचे मैदान, पोर्त द ला शापेलचे नवे कोरे प्रेक्षागृह, आणि गटात चीनची जगज्जेती जोडी.

ह्या गटाची हकिकत मला विस्ताराने सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑलिंपिकमध्ये दुहेरीचे चार गट असतात, प्रत्येक गटात चार जोड्या, आणि पुढे जायचे दोघांनी. चीनच्या झेंग सिवेई आणि हुआंग याचिओंग यांनी तिन्ही सामने जिंकले. उरलेल्या तीन जोड्यांत फ्रान्सने कोरियाला हरवले, कोरियाने इंडोनेशियाला हरवले, आणि इंडोनेशियाने फ्रान्सला हरवले. लहान मुलांच्या दगड-कागद-कात्रीसारखे हे झाले. तिघांचा एकेक विजय, दोन-दोन पराभव. मग गेम आणि गुण यांची वजाबाकी करण्यात आली, आणि तीत कोरियाचे किम वोन-हो आणि जोंग ना-उन पुढे गेले. नुसते पुढे गेले नाहीत. त्यांनी थेट रौप्यपदक मिळवले. ज्यांना झिकेल-देल्रू यांनी समोरासमोर हरवले होते, ते व्यासपीठावर उभे राहिले आणि हे दोघे घरी गेले. घर त्याच शहरात होते, हे त्यातले जास्त अवघड. फ्रान्सची राष्ट्रीय चमू पॅरिसच्या व्हँसेनच्या वनातल्या ‘इन्सेप’ ह्या सरकारी क्रीडा संस्थेतच सराव करते.

आता पुढचे पाहा. त्या वर्षाच्या अखेरीस झेंग सिवेई निवृत्त झाला. सुवर्णपदकाची जोडी संपली. रौप्यवाला किम पुरुष दुहेरीकडे वळला आणि सो सुंग-जे याच्याबरोबर २०२५ मध्ये जगज्जेता झाला. म्हणजे तीही जोडी संपली. कांस्यपदक मिळवणारे जपानचे वातानाबे आणि हिगाशिनो पॅरिसनंतर वेगळे झाले. वर्ष उलटायच्या आत व्यासपीठावरच्या तिन्ही जोड्या मोडल्या, आणि गटात बाद झालेली जोडी टिकली. ८ जून २०२५ रोजी जकार्ताच्या इस्तोरा प्रेक्षागृहात झिकेल आणि देल्रू यांनी इंडोनेशिया ओपन जिंकली. ही स्पर्धा ‘सुपर १०००’ दर्जाची; वर्षभरात अशा चारच होतात. ह्या दर्जाच्या स्पर्धेत फ्रान्सचा झेंडा पहिल्यांदाच वर गेला, आणि तो एकेरीच्या खेळाडूने नेला नाही. अंतिम सामन्यात समोर थायलंडचा देचापोल होता. तो पूर्वी जगज्जेता झाला तेव्हा त्याच्याबरोबर साप्सिरी होती. ऑलिंपिकनंतर ती जोडी फुटली आणि तो सुपिस्सरा ह्या नव्या मुलीबरोबर उतरला होता. जुने कसब आणि नवी ओळख एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे एकमेकांच्या चुका पाठ असलेले दोघे.

‘मोठे गेले म्हणून लहानांचे फावले,’ असे कोणी म्हणेल. आमच्या जिमखान्यातला एक मुलगा तसे म्हणालाही. मला हे पटत नाही. एकेरीत प्रतिस्पर्धी निवृत्त झाला तर ते नशीब म्हणता येईल. पण दुहेरीत जोडी टिकवून ठेवणे हेच मुळी कौशल्याचे काम आहे. पॅरिसच्या त्या गटानंतर एकमेकांकडे बोट दाखवून वेगळे होणे अगदी सोपे होते. तशी पद्धतच आहे. हरल्यावर जोडीदार बदलणे हा दुहेरीतला सर्वांत सोपा उपाय, कारण त्यामुळे आपण काहीतरी केले असे वाटते. त्यांनी तो केला नाही. कारकिर्दीच्या तक्त्यात ह्याला रकाना नाही. स्पर्धा, साल, निकाल एवढेच तिथे लिहिलेले असते. ‘ह्या दिवशी वेगळे झाले नाहीत’ असे कोण लिहिणार?

ज्यांनी हा खेळ फक्त पाहिला आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. एकेरीचे मैदान सतरा फूट रुंद असते, दुहेरीचे वीस. म्हणजे माणसे दुप्पट होतात आणि रुंदी वाढते अवघी तीन फूट. त्यामुळे दुहेरीत फूल गाठणे ही अडचण नसतेच; दोघांच्या मधोमध आलेले फूल कोणाचे, ही अडचण असते. दोघांनी हात घातला तर रॅकेटी आपटतात, दोघांनी सोडले तर गुण जातो. हा निर्णय बोलून घ्यायला वेळ नसतो. तो आधीच, महिनोन् महिने, रोजच्या सरावात कधीतरी घेतलेला असावा लागतो. पूर्वी दुहेरीत एका बाजूच्या दोघांनाही सर्व्हिस मिळत असे. पहिल्याने गमावली तरी दुसऱ्याचा हात शिल्लक राही. २००६ साली एकवीस गुणांची पद्धत आली आणि तो दुसरा हात गेला. आता एकाने गमावले की दोघांचे गेले. जुने खेळाडू ह्या बदलाविषयी हळहळतात. मी ती पद्धत खेळलेली नाही, पण मलाही ती अधिक माणुसकीची वाटते.

हे सगळे मी का सांगते? कारण आमच्याकडे दुहेरीची जोडी तयार होते ती अशी : निवड चाचणी एकेरीची होते. पहिल्या दोघी एकेरीला. तिसरी आणि चौथी ह्यांना आदल्या दिवशी सांगतात की तुम्ही दुहेरी. म्हणजे दुहेरी ही उरलेल्यांची पंगत. गेल्या वर्षी मी तिसरी होते. चौथी जी आली तिचे नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो, पण त्यानंतर रोज सकाळी सहा ते सात आम्ही दोघी सराव करू लागलो. तिची एस.टी. साडेपाचला गावातून निघे. फुलांचा डबा महाग म्हणून पिसे मोडलेली फुले वाफेवर धरून सरळ करत असू. फेब्रुवारीपर्यंत मधोमध आलेले फूल कोणाचे हे आम्हाला विचारावे लागत नव्हते. मार्चमध्ये परीक्षा झाली, मेमध्ये तिचे लग्न ठरले, आणि जूनमध्ये हजेरीपटावर तिचे नाव नव्हते.

तिच्या घरच्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्याही घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. थोरल्या भावाने दहावीनंतर गॅरेज धरले, म्हणून माझी फी भरली जाते. प्रवेश अर्जावर त्याच्या नावाला जागा नाही. तिथे फक्त वडिलांचे नाव आणि उत्पन्न विचारतात. माझा मुद्दा निराळा आहे. ती गेल्यावर मी चाचणीला गेले तेव्हा मला सांगण्यात आले की तुझी जोडी नाही, म्हणजे तू दुहेरीत नाहीस. एकेरी खेळून दाखव. एका वर्षाचा सराव एका क्षणात शून्यावर आला, कारण तो माझ्या एकटीच्या नावावर कुठे जमाच झाला नव्हता. त्याच न्यायाने वार्षिक पारितोषिकात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा चषक फक्त एकेरीच्या विजेत्याला मिळतो.

फ्रान्सशी आपली तुलना करणे बरोबर नाही हे मला कळते. तिथे सरकारी संस्था आहे, प्रशिक्षक आहेत. खेळाडू म्हणून जगता येईल अशी व्यवस्था आहे. पण नेमके हेच मी म्हणते आहे. झिकेल आणि देल्रू यांची जिद्द मोठी खरी. तरी दोन तरुण माणसे इतकी वर्षे रोज त्याच वेळी त्याच मैदानावर येऊ शकतात, ह्यामागे नुसती जिद्द नसते, व्यवस्था असते. जिद्द आमच्या त्या साडेपाचच्या एस.टी.तही होती. एकेरीचा खेळाडू क्वचित व्यवस्थेवाचूनही वर येतो, आणि मग आपण त्याच्या गोष्टी पोरांना सांगतो. दुहेरीची जोडी तशी येत नाही, कारण दोन घरांच्या अडचणी एकाच वर्षी टळाव्या लागतात.

आणि आपल्याकडे दुहेरीची परंपराच नाही असेही नाही. सांगलीचे नंदू नाटेकर हे परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, हे शाळेच्या सामान्यज्ञानात येते. ते साल १९५६. त्यांनी सहा वेळा राष्ट्रीय एकेरी जिंकली हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण दुहेरीही त्यांनी सहा वेळाच जिंकली, आणि मिश्र दुहेरी पाच वेळा. सतरांतली अकरा विजेतेपदे कोणाच्या तरी सोबतीने मिळवलेली आहेत. त्या सोबत्यांची नावे मी तिघा जाणकारांना विचारली. एकाने एक नाव सांगितले, तेही खात्रीने नव्हे.

म्हणून जिमखाना समितीपुढे माझे म्हणणे एवढेच आहे. जूनमध्ये चाचणीची सूचना फलकावर लागते, तीत दुहेरीसाठी जोडीने नावे मागवावीत आणि जोडीचीच चाचणी घ्यावी. जोडीतली एक निघून गेली तर उरलेलीला नव्या जोडीदारासह पंधरा दिवसांची मुदत द्यावी. आणि वार्षिक अहवालात दुहेरीच्या निकालापुढे ‘व इतर’ न लिहिता दोन्ही नावे पूर्ण लिहावीत. गेल्या वर्षीच्या अंकात माझी ती मैत्रीण ‘व इतर’ मध्ये आहे. ह्यातल्या कशालाही पैसा लागत नाही. एक प्राध्यापक म्हणाले की नियम विद्यापीठाचे असतात. स्पर्धेचे असतील, आमच्या फलकावरची सूचना विद्यापीठ लिहीत नाही.

अर्ज मी लिहून ठेवला आहे. प्रथम वर्षाला एक मुलगी आहे, जाळीपाशी तिचा हात फार चांगला चालतो. अर्जावर माझ्याबरोबर सही करशील का, असे मी तिला परवा विचारले. घरी विचारून सोमवारी सांगते म्हणाली.